आमिशांच्या गावात अब्बांची शुगर उतरली

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपले लोक न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा पाहून परत येतात. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर कौंटी मात्र जरा वेगळी आहे. फिलाडेल्फियापासून सुमारे शंभर किलोमीटरवर मक्याच्या शेतांमध्ये आमिश लोकांची वस्ती आहे. हे ख्रिस्ती लोक. १६९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या भागात याकोब अम्मानच्या अनुयायांचा वेगळा पंथ झाला आणि छळाला कंटाळून अठराव्या शतकात त्यांच्यापैकी अनेकजण इथे आले. आजही ते घरात विजेची तार घेत नाहीत, स्वतःची मोटार ठेवत नाहीत, करड्या घोडागाडीतून फिरतात. लग्न झालेला पुरुष दाढी राखतो, मिशी नाही. बायका साधे, एकरंगी, अंगभर कपडे घालतात आणि डोके झाकतात. ते पाहून आमच्या अम्मी म्हणाल्या, “या तर आपल्यातल्याच वाटतात गं!”

गेल्या जुलैत न्यू जर्सीला दिराकडे असताना आम्ही एका दिवसासाठी तिथे गेलो. सासू-सासरे बरोबर होते. अब्बांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ते ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. त्या दिवशीही घेतली, वर चहा-बिस्किटे, आणि अडीच-तीन तासांचा प्रवास. दुपारी एका मोठ्या बुफेत बसलो. ताटे भरभरून अन्न होते, पण मांस हलाल नव्हते आणि घेवड्याच्या भाजीतही बेकनचे तुकडे होते. फळांचा पाय घ्यावा तर त्याच्या पारीत डुकराची चरबी असल्याचे वाढणाऱ्या मुलीने सांगितले. अब्बांनी काकडी आणि टोमॅटो खाल्ले व म्हणाले, “घरी गेल्यावर जेवू.” झाडाखाली जोहरची नमाज पढून आम्ही घोडागाडीच्या फेरीला निघालो.

वीसेक मिनिटांनी अब्बा गप्प झाले. मग अम्मींवर उगाच चिडले. त्यांचा सदरा घामाने भिजला होता आणि हात थरथरत होते. उन्हाचा त्रास असेल असे वाटून दिराने पाणी पुढे केले, तर बाटली त्यांना धरवेना. गाडीवाल्याने एका शेतघरापाशी घोडा थांबवला. तिथे ओसरीत पाहुण्यांसाठी घरचे लिंबू सरबत विकायला ठेवले होते. घरातील बाईंनी अब्बांकडे एकदा पाहिले, पेला हातात दिला आणि आत जाऊन चक्क शुगर मोजायचे मशीन घेऊन आल्या. त्यांच्या आईलाही मधुमेह होता. नवी सुई लावून त्यांनी रक्त तपासले. आकडा आला ५२.

आमिश म्हणजे औषध-डॉक्टर न मानणारे लोक, अशी आमची समजूत होती. तसे नाही. ते गरजेप्रमाणे डॉक्टरकडे आणि दवाखान्यात जातात, बॅटरीवर चालणारी कितीतरी साधने वापरतात. सरबतानंतर पंधरा मिनिटांनी आकडा ६८ झाला, आणखी अर्ध्या पेल्यानंतर ९४. मग त्यांनी घरचा पाव आणि सफरचंदाचा घट्ट मुरंबा दिला. त्यात चरबी नाही हे आम्ही न विचारताच सांगितले. पैसे फक्त सरबताचे घेतले.

यातून घरोघरी माहीत असावे असे काही. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात किंवा अर्धा कप गोड रस लगेच द्यावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावे आणि नंतर पोटभर खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. अमेरिकेत थेट ९११ ला फोन करावा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून शुगर पुन्हा उतरू शकते. त्या रात्री दीर दोनदा उठून अब्बांना तपासत होता.

दुसरी गोष्ट विम्याची. आमिश लोक सहसा आरोग्य विमा घेत नाहीत. कुणाला मोठे बिल आले तर समाजातील सगळे मिळून भरतात. १९६५ च्या कायद्याने सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतूनही त्यांना सूट मिळू लागली. आपल्यामागे अमेरिकेत असा समाज उभा नसतो. आणि प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत जुन्या आजाराचा खर्च वगळलेला असतो किंवा फार थोडा मिळतो. मधुमेह, रक्तदाब लपवू नका आणि ते पान सही करण्याआधी वाचा.

रमजानच्या आधी आपण गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घेतो. लांबच्या प्रवासाआधीही तसेच विचारावे, कारण घड्याळ साडेनऊ-साडेदहा तासांनी बदलते आणि हलाल जेवण कधी मिळेल याचा नेम नसतो. औषधे व चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. मशीन, ग्लुकोजची पूड, खजूर आणि घरची पोळी-भाजी मोटारीत नव्हे, खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. आणि कोणती गोळी कशासाठी, हे घरातील निदान दोघांना तरी पाठ असावे.