यंत्राची मुखत्यारी

वसई तालुक्यातील जमिनीच्या व्यवहारांशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला मुखत्यारपत्राची उपयुक्तता आणि त्याचे भय ही दोन्ही निराळी समजावून सांगावी लागत नाहीत. घरचा कर्ता पुरुष थकलेला, भाऊबंद चाकरीनिमित्त मुंबईला पांगलेले, कचेरीत हेलपाटे घालण्याचे त्राण कोणातच उरलेले नाही, अशा वेळी विश्वासातल्या एका माणसाच्या नावे दस्त करून द्यावा, त्याने आपल्या वतीने अर्ज करावेत, फेरफाराच्या नोंदी घालून घ्याव्यात, सह्या कराव्यात आणि आपण घरी निर्धास्त राहावे, ही सोय तुंगारेश्वराच्या आणि कामणदुर्गाच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. आणि त्याच दस्तात अधिकाराची हद्द घालावयाची राहून गेल्यामुळे पुढे वारसांना सातबाऱ्यावर परके नाव चढलेले पाहावे लागले, हेही दुःख या परिसराला नवे नाही. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे जमिनीची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या ऑक्टोबरात दिला, तो देशभर साचलेल्या अशाच अनुभवानंतर.

यंदाच्या दिवाळी अंकाच्या प्रारंभी हा विषय काढण्याचे कारण असे, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचा रोख आता नेमका मुखत्यारीकडे वळला आहे. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले, तेव्हा जगाला कौतुक वाटले ते विचारल्या प्रश्नाला सुसंबद्ध उत्तर देणाऱ्या यंत्राचे. उत्तर चुकले तर ते टाकून देता येत होते. निर्णय आणि कृती दोन्ही माणसाच्या हाती होत्या. आज प्रयोगशाळांत जे घडत आहे त्याचे स्वरूप वेगळे आहे. भाषेचे तेच प्रतिमान आता एका चक्रात बसविले जाते: त्याला उद्दिष्ट सांगावे, त्याने परिस्थितीचे अवलोकन करावे, पुढचे पाऊल ठरवावे, संगणकावरील साधने स्वतः चालवावीत, निष्पत्ती पाहावी आणि उद्दिष्ट साधेपर्यंत हा क्रम पुन्हापुन्हा करावा. तिकिटे काढणे, पत्रव्यवहार करणे, खरेदी करणे, आज्ञावली लिहून ती चालविणे, ही कामे ते धन्याच्या नावाने करते. त्याची चूक कागदावर राहत नाही. ती व्यवहारात उतरते.

मनुष्यासारखी बुद्धी यंत्रात आणता येईल काय, हा प्रश्न ॲलन ट्युरिंग यांनी 1950 साली शास्त्रीय चर्चेत आणला आणि 1956 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ येथे भरलेल्या मेळाव्याने त्या शोधाला नाव दिले, हा इतिहास आता बहुतेकांस ठाऊक आहे. आपल्याकडे त्याची स्मृती मात्र क्षीण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय बनावटीचा पहिला मोठा अंकीय संगणक, टिफ्रॅक, ज्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाला, त्या आर. नरसिंहन यांनी पुढील आयुष्य आकृती ओळखणारी यंत्रे आणि भाषेचे वर्तन यांच्या अभ्यासाला वाहिले; मूल भाषा कशी आत्मसात करते याचा उलगडा झाल्याविना यंत्राच्या भाषेचे कोडे सुटणार नाही, अशा श्रद्धेने त्यांनी ते केले. आजची प्रतिमाने त्या मार्गाने आलेली नाहीत. कोणाही बालकाच्या कानी पडणार नाही इतका अफाट मजकूर त्यांना द्यावा लागला. तरीही नरसिंहनांचा प्रश्न निकाली निघाला असे आम्हांस वाटत नाही, कारण ज्या बालकाने अद्याप एक ओळही वाचलेली नाही, ते पेला उचलते, पाणी सांडते, रागावलेल्या आईचा चेहरा ओळखते आणि त्यावरून शिकते.

येथेच यंत्रमानवाच्या संशोधनाची खरी अडचण आहे. हान्स मोराव्हेक यांनी 1988 साली नोंदविले, की बुद्धिबळासारखी प्रौढांना कठीण वाटणारी कामे यंत्राला त्या मानाने सोपी जातात आणि वर्षभराच्या मुलाला जमणारे पाहणे, चालणे, धरणे हेच त्याला दुष्कर ठरते. 2010 साली बर्कलीच्या विद्यापीठात एका यंत्रमानवाने टॉवेलच्या घड्या घालून दाखविल्या, तेव्हा तो मोठा पराक्रम गणला गेला. एका टॉवेलला त्याला सरासरी वीस मिनिटांहून अधिक वेळ लागला होता. त्यानंतर प्रगती पुष्कळ झाली. चित्र, भाषा आणि हालचाल यांना एकाच प्रतिमानात गुंफण्याचे प्रयोग 2023 पासून वेगाने पुढे गेले आहेत, आणि कधी न पाहिलेली वस्तूही तोंडी सांगण्यावरून उचलणारे हात आज अस्तित्वात आहेत. तथापि कामणच्या आणि चिंचोटीच्या गाळ्यांतून दिवसभर घडी, जोडणी, निवड आणि पॅकिंग करणाऱ्या आमच्या भगिनींच्या बोटांत जे ज्ञान साठले आहे, त्याची बरोबरी करण्यासाठी जगातील अव्वल प्रयोगशाळा अजून झटत आहेत, ही गोष्ट त्या भगिनींच्या रोजंदारीचा दर ठरविणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी. ज्याला आपण अकुशल म्हणतो, ते काम अकुशल नाही, याचा यापेक्षा सबळ पुरावा आजवर कोणी दिला नव्हता.

यंत्राचा हात आमच्या पालघर जिल्ह्याला अपरिचित नाही. तारापूरची अणुवीज 1969 पासून वाहते आहे. वापरून झालेल्या अणुइंधनाची हाताळणी जाड भिंतींआडच्या कोठड्यांत, शिशाच्या काचेतून पाहत, दूरस्थ हातांनी करावी लागते. काचेच्या अलीकडे तंत्रज्ञ आपला हात हलवितो आणि पलीकडे पोलादी हात तीच हालचाल करतो. असे हात भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतः घडविले. या व्यवस्थेत बुद्धी माणसाची आणि धोका यंत्राचा, अशी वाटणी आहे, आणि आमच्या मते ती आजवरची सर्वांत न्याय्य वाटणी होय. मग 2024 च्या एप्रिलमध्ये विरारच्या पश्चिमेस, एका वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून प्राणास मुकले, तेव्हा हा पोलादी हात कोठे होता? मैला साफ करण्यास माणसाला जुंपण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 सालचा आहे. मॅनहोलमध्ये उतरून गाळ उपसणारे यंत्र केरळातील तरुण अभियंत्यांनी 2018 साली तिरुवनंतपुरमच्या रस्त्यावर उतरविले. कायदा होता, यंत्रही होते. नव्हता तो ते यंत्र टाकीच्या तोंडाशी आणून उभे करण्याचा आग्रह. मनुष्यासारखे हसणाऱ्या, मान डोलावणाऱ्या पुतळ्यांवर जो पैसा आणि जी बुद्धी खर्च होते, तिचा काही अंश प्रथम त्या टाकीकडे वळावा, असे आम्ही कळकळीने म्हणतो.

आता पुन्हा मुखत्यारीकडे. स्वयंनिर्णयी आज्ञावलींवर अंकुश कसा असावा याचा खल जगभर चालू आहे आणि तो सर्वस्वी नवा प्रश्न असल्यासारखा मांडला जातो. पण 1872 च्या भारतीय करार अधिनियमाचे दहावे प्रकरण, कलम 182 ते 238, ज्याने लक्षपूर्वक वाचले असेल, त्याला या खलातील निम्मे मुद्दे तेथे आधीच निवाड्यास आलेले दिसतील. अभिकर्त्याने, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याने, धन्याच्या सूचनेबरहुकूम वागावे, असे कलम 211 सांगते. धनी मागेल तेव्हा त्याने चोख हिशेब द्यावा, हे 213 चे म्हणणे. अडचण उद्भवल्यास धन्याशी संपर्क साधण्याची आणि त्याची आज्ञा मिळविण्याची त्याने वाजवी शिकस्त करावी, हे कलम 214. आणि आजच्या प्रयोगशाळांना यंत्राकडून जे करवून घेणे सर्वांत जड जात आहे ते हेच, की पेच पडताच त्याने आत्मविश्वासाने पुढे न रेटता थांबावे आणि विचारावे. स्वतः करावयाचे काम परस्पर दुसऱ्या अभिकर्त्यावर सोपवू नये, अशी 190 व्या कलमाची सर्वसाधारण मनाई आहे, तर आजच्या रचनांत एक आज्ञावली आपल्या हाताखाली दुसऱ्या अनेक आज्ञावली राबविते आणि त्यांची गणती मूळ धन्याला नसते.

सूचनेबरहुकूम वागणे म्हणजे काय, हेही वाटते तितके सरळ नाही. 2016 साली ओपनएआयच्या संशोधकांनी एका यंत्राला नौकांच्या शर्यतीचा संगणकीय खेळ गुण मिळविण्याच्या बोलीवर शिकविला. त्या यंत्राने शर्यत पुरी करण्याचे सोडून दिले आणि एकाच खाडीत गोल फिरत, इतर नौकांवर आदळत, पेट घेत, वाटेतली लक्ष्ये वारंवार टिपून भरघोस गुण मिळविले. अक्षर पाळले गेले, हेतू बुडाला. दुसरा धोका याहून गंभीर आहे. अशा यंत्राला एखादे पत्र किंवा दस्तऐवज वाचावयास दिला आणि त्या मजकुरातच कोणी लबाडीने आज्ञा दडवून ठेवली असली, तर धन्याची आज्ञा कोणती आणि परक्याची कोणती हा विवेक सुटून ते परक्याचे ऐकू शकते. या दोषावर पक्का इलाज अद्याप सापडलेला नाही. ज्या मुखत्याराला वाटेत भेटणारा कोणीही हुकूम देऊ शकतो, त्याच्या हाती आपल्या बँकेच्या खात्याच्या किल्ल्या देताना दहादा विचार व्हावयास हवा.

या सगळ्याच्या मुळाशी असलेले कलम 184 आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिऱ्हाइताशी व्यवहार करण्यापुरता कोणीही इसम अभिकर्ता होऊ शकतो, अज्ञान म्हणजे अल्पवयीनही होऊ शकतो. परंतु जो सज्ञान व शुद्धीवर नाही, तो धन्याला जबाबदार राहत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे अज्ञानाच्या हाती काम देणाऱ्याने त्याचा भार स्वतः उचलावा. यंत्र कायद्याच्या दृष्टीने इसम नाही, पण तत्त्व तेच लागू व्हावे. कॅनडात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. आप्ताच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका गृहस्थाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने भाड्याच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली, आणि दाद मागितल्यावर, हे यंत्र आपल्या कृतीला स्वतःच जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीकडून झाला. 2024 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई देवविली. रक्कम अल्प होती. निवाडा दूरवर पोहोचणारा आहे.

हे सारे कामणपासून दूरचे आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्र शासनाने 2025 च्या फेब्रुवारीत नागरिकांच्या सेवा व्हॉट्सॲपवरून देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. मुंबईच्या आयआयटीत भारतीय भाषांची प्रतिमाने घडत आहेत. या उद्योगाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो, कारण दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत ताटकळणाऱ्याला घरबसल्या उत्तर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र डोंगरालगतच्या पाड्यांवरील ज्या वृद्धा वारली बोलतात, त्यांचे बोलणे त्या यंत्राला कळेल काय, आणि न कळल्यास ते तसे कबूल करील की अंदाजाने काहीतरी नोंदवील, याची परीक्षा पाड्यावर जाऊनच व्हावी लागेल. वनहक्काच्या दाव्यात एका चुकलेल्या नावाची किंमत काय असते, हे त्यांना विचारावे.

2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक कार्यालयात फलक लावणे बंधनकारक केले आहे: सेवा कोणती, ती किती दिवसांत मिळेल, पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिले व दुसरे अपील कोणाकडे. त्या फलकावर आणखी एक रकाना असावा, अशी आमची मागणी आहे. अर्जाच्या वाटेत यंत्र कोठे बसले आहे, त्याला काय करण्याचा अधिकार दिला आहे, काय करण्याचा दिलेला नाही, आणि त्याने अर्ज फेटाळल्यास तो कोणत्या नावाच्या माणसाने स्वतः वाचला पाहिजे, एवढा तपशील त्यात मराठीत लिहिलेला असावा. या अंकाची एक प्रत जोडून हीच मागणी आम्ही वसईच्या तहसील कचेरीत लेखी सादर करीत आहोत.