यंत्राला अनुदान, रुग्णाला काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विकासासाठी पाच वर्षांत सुमारे १०,३७२ कोटी रुपये खर्च करण्याच्या योजनेला मंजुरी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरोग्य, शेती आणि शहरे या तीन क्षेत्रांसाठी या विद्येची तीन केंद्रे उभारण्याची घोषणा झाली व त्यांसाठी ९९० कोटी रुपयांची तरतूद सांगण्यात आली. क्ष-किरण चित्रावरून क्षय ओळखणारे किंवा खोकल्याच्या आवाजावरून रोगाचा माग काढणारे यंत्र तयार करू म्हणणाऱ्याला सरकारी तिजोरीचे दार आज पूर्वीपेक्षा अधिक उघडे आहे. हा पैसा जनतेचा आहे. म्हणून तो द्यावा की न द्यावा, एवढ्यावरच वाद थांबवून समाजवाद्यांना चालणार नाही. तो कोणाला, कोणत्या अटींवर आणि कोणाला जाब देण्याच्या बोलीवर दिला जातो, हा खरा प्रश्न आहे.

अनुदानाच्या योजना पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचे आजचे उत्तर कळते. जैवतंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील 'बायरॅक' ही संस्था नव्या कल्पनेला अठरा महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. २०२१ साली सुरू झालेल्या ९४५ कोटी रुपयांच्या बीजनिधी योजनेतून नव्या उद्योगाला आपली कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. पण ते 'इन्क्युबेटर' म्हणविल्या जाणाऱ्या मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत. दोन्ही योजनांचा भर कल्पनेच्या नावीन्यावर आणि बाजारातील तिच्या भवितव्यावर आहे. ज्याला ही भाषा अवगत आहे तो मुंबई, पुणे वा बंगलोरच्या संस्थांतला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा वाडीवाडी हिंडणारी आशा कार्यकर्ती यांना नेमके काय अडते हे ठाऊक असते. परंतु या व्यवहारात त्यांचे मत घेण्याची जागाच नाही.

या धोरणाचा कस पाहायचा तर तो कुंभिवलीसारख्या ठिकाणी पाहिला पाहिजे. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील हे गाव सावरोली-खारपाडा रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच तालुक्यातून जातो. आणि याच तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतपथकांना डोंगर पायी चढून जावे लागले, कारण वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. कर्जत-खालापूरमधील कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिने सलग घ्यावा लागतो. ज्याचे अर्धे वर्ष भट्टीवर जाते त्याचा उपचार कोणत्या केंद्रात सुरू व्हायचा आणि कोणत्या केंद्रात पुरा व्हायचा, हा प्रश्न कोणत्याही यंत्राच्या आधीचा आहे.

यंत्र शिकते ते पुरविलेल्या नोंदींवरून. ज्याची नोंद नाही त्याचे दुःख यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. अमेरिकेत २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे दाखवून दिले आहे. कोणत्या रुग्णाला अधिक काळजीची गरज आहे हे ठरविणारी एक गणनपद्धती तेथे मोठ्या प्रमाणावर वापरात होती. तिने गरज मोजण्यासाठी उपचारावर झालेला खर्च हे माप धरले. काळ्या लोकांवर मुळात कमी खर्च होत आला होता. साहजिकच तितक्याच आजारी असलेल्या काळ्या रुग्णाला या पद्धतीने गोऱ्यापेक्षा निरोगी ठरविले. बाजारातील मागणी म्हणजे माणसाची गरज नव्हे, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा विसरल्याचे हे फळ होय. जी कातकरी स्त्री कधी इस्पितळाची पायरी चढली नाही तिच्या नावावर खर्च शून्य आहे. अशा मापाने मोजले तर कर्जत-खालापूरमधील सर्वांत धडधाकट व्यक्ती तीच ठरेल!

याचा अर्थ यंत्राला विरोध करावा असा नव्हे. क्ष-किरण तज्ज्ञ शहरांत एकवटले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी संगणकाने क्ष-किरण चित्र वाचण्यास मान्यता दिली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. हातात धरून नेता येणारे क्ष-किरण यंत्र वाडीपर्यंत पोचले आणि त्याच दिवशी संशयित रुग्ण निवडता आले, तर ते हवेच आहे. पण मार्च २०२४ मध्ये काय घडले तेही विसरता येत नाही. क्षयाच्या औषधांचा पुरवठा कोलमडला आणि केंद्राने राज्यांना औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. रोग दाखविणारे यंत्र आहे, पण औषधाची गोळी नाही, अशा व्यवस्थेला आरोग्यसेवा कसे म्हणावे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ती मुदत उलटून गेली. वचन पुरे झाले नाही.

अनुदानाला अटी घालता येत नाहीत, असे सांगणारे इतिहास विसरतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळ्या केलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तीवर सुमारे ३५ कोटी रुपये खर्च केले आणि निव्वळ विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन ठरवून घेतले. म्हणजे अट घालता येते. परंतु एप्रिल २०२१ मध्ये तीच लस राज्यांना ६०० रुपयांना आणि खाजगी इस्पितळांना १,२०० रुपयांना देण्याचे कंपनीने जाहीर केले. ओरड झाल्यावर राज्यांसाठीचा दर ४०० रुपयांवर आला. सरकारने नफ्यातला वाटा मागितला, पण किंमत ठरविण्याचा हक्क राखला नाही. याउलट १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने पेनिसिलिनचे उत्पादनच सार्वजनिक मालकीत आणले गेले. पुढे हा कारखाना आजारी पडला, हे समाजवाद्यांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सार्वजनिक मालकीसोबत सार्वजनिक देखरेख नसेल तर काय होते, हा त्यातला धडा आहे. पण म्हणून उद्दिष्ट चुकीचे ठरत नाही.

तेव्हा अनुदानाच्या प्रत्येक करारात चार अटी असाव्यात, अशी मागणी पक्षाने केली पाहिजे. पहिली, ज्या लोकांवर यंत्र वापरायचे त्यांच्यातच त्याची चाचणी व्हावी, आणि आदिवासी, स्त्रिया व स्थलांतरित मजूर यांच्या बाबतीत ते किती चुकते याचे आकडे जाहीर व्हावेत. दुसरी, सार्वजनिक इस्पितळातील क्ष-किरण चित्रे आणि नोंदी ही सार्वजनिक ठेव मानली जावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधनाला विहित मानकांच्या अधीन राहून सूट दिली आहे. त्या सुटीच्या आडून रुग्णाच्या नोंदी कंपनीची खाजगी मालमत्ता होता कामा नयेत. तिसरी, सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी यंत्राचा दर करारातच ठरावा आणि उत्पादकाने माघार घेतल्यास ते बनविण्याचा हक्क सरकारकडे यावा. चौथी, यंत्राने रुग्ण शोधल्यावर त्याच्या उपचाराची जबाबदारी कोणाची, त्यासाठी माणसे व औषधे कोठून येणार, हे लिहून दिल्याखेरीज वाडीवर यंत्र उतरू नये. वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये या विषयाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांत समन्यायाचा उल्लेख आहे. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे.

दिल्लीतील करार बदलण्याची वाट पाहत कार्यकर्त्यांनी बसून राहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कामाचे गुणपत्रक भरू लागले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना त्यावर उत्तरे द्यावी लागली. तोच मार्ग येथे वापरता येईल. रायगडातील कोणत्या सरकारी दवाखान्यांत अशा यंत्रांच्या चाचण्या चालू आहेत, त्यांना कोणत्या अनुदानातून पैसा मिळाला, करारात काय आहे, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. कुंभिवलीच्या ग्रामसभेपुढे ती माहिती वाचून दाखवावी, आणि भट्टीवर गेलेल्या कुटुंबांचाही विचार घेता यावा म्हणून ते परतल्यानंतरच्या दिवसांत सभा भरवावी. क्ष-किरण चित्र ज्याच्या छातीचे आहे त्याला या व्यवहारात बोलण्याचा अधिकार मिळवून देणे, हे आजचे राजकीय कार्य आहे.