बुटाचा ठसा काय सांगतो आणि काय सांगत नाही

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे शिकलेली माणसं लागणार. बारावी सायन्सनंतर डॉक्टर-इंजिनिअरपलीकडे न बघणाऱ्या आपल्या घरांनी हे लक्षात घ्यावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

शाळेत या विषयाची ओळख करून द्यायला बुटाचा ठसा सगळ्यात सोपा. ओल्या मातीत पाय उमटवायचा, शेजारी फूटपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो घ्यायचा, बाजूने टॉर्च मारून नक्षी पाहायची आणि मग प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढायचा. फोटो आधीच, कारण साचा उचलताना मूळ ठसा मोडतो. प्रत्यक्ष तपासात प्लास्टरऐवजी डेंटल स्टोन वापरतात, तो जास्त कडक होतो.

खरा धडा मात्र यापुढे आहे. जुम्याच्या नमाजला मशिदीच्या दारात बघा, एकाच कंपनीच्या, आठ नंबरच्या किती चपला असतात! नक्षी आणि माप जुळलं तर 'अशी चप्पल' एवढंच कळतं. 'हीच चप्पल' म्हणायला टाचेची झीज, एखादा काप, रुतलेला खडा अशा खुणा लागतात. आणि चप्पल तीच निघाली, तरी त्या वेळी ती कोणाच्या पायात होती हे ठसा सांगत नाही. (दारातून चपला बदलून गेल्याचा अनुभव कोणाला नाही?)

न्यायालयंही इथे जपून चालतात. 1997 मध्ये राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पावलांच्या ठशांचं शास्त्र पूर्ण विकसित नाही. इतर पुराव्यांवरून आरोपीची ओळख पटली असेल, तर फक्त बळकटीसाठी ते वापरावं. इंग्लंडमध्ये 2010 साली अपील न्यायालयाने खुनाची एक शिक्षाच रद्द केली. नायकीच्या बुटाच्या ठशावरून तज्ज्ञाने केलेल्या आकडेमोडीला पुरेसा भक्कम आधार नव्हता.

म्हणून वर्गात एक प्रयोग जरूर करावा. मुलांसमोर दहा चपला ठेवायच्या, पण ठसा ज्या चपलेचा आहे ती त्यात ठेवायचीच नाही. मग बघा, किती जण तरीही एक उचलून 'हीच ती' म्हणतात.