आरंभशूरांची बाजू

‘आरंभशूर’ हा आमच्या मराठी विभागांचा लाडका शब्द आहे. आराखडा देखणा, पहिले प्रकरण झपाटल्यासारखे लिहिलेले आणि दुसऱ्यापाशी सारे ठप्प, असा विद्यार्थी दिसला की हा शिक्का त्याच्या कपाळी बसलाच. शब्दांची छाननी हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी हा एक शब्द न तपासता वापरावा, याचे आम्हांला नवल वाटते.

आमच्यापैकी काहींना प्रौढपणी एडीएचडीचे निदान झाले. तोवर ‘आळशी’, ‘वेंधळा’, ‘बेजबाबदार’ ही विशेषणे आमच्या अंगवळणी पडली होती. १९०२ साली जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनीही नैतिक नियंत्रणातील दोषाचीच भाषा वापरली होती. वैद्यक त्या भाषेपासून केव्हाच दूर सरले. आमचे विभाग मात्र अजून तेथेच उभे आहेत.

एडीएचडीत अवधान नसते असे नव्हे. ते हुकमी नसते. आमच्या लेखी काळ दोनच प्रकारचा असतो : ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’. सहा महिन्यांनंतरची तारीख दुसऱ्या प्रकारात मोडते आणि एके रात्री एकदम पहिल्यात कोसळते. मग जागरण, थातुरमातुर प्रकरण आणि शरम. शरमेपोटी मार्गदर्शकाचा फोनही उचलला जात नाही.

नियम काय म्हणतात? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन. चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असल्यास वर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. हे अन्याय्यच आहे.

तरीही आम्ही केवळ मुदतवाढ मागत नाही. दूरची तारीख आणखी दूर नेणे म्हणजे ती नाहीशी करणे होय. अशा दयेने आम्ही बुडतो. ‘जग कुणासाठी थांबत नाही’, हे आम्हांला कुणी शिकवायला नको. त्याची किंमत आम्ही मोजतोच. आमची मागणी साधी आहे : तारखा जवळच्या हव्यात, लहान हव्यात. पंधरवड्याला दहा पाने, आणि ती समोर बसून वाचणारा मार्गदर्शक. हे काम खरे तर प्रत्येक मार्गदर्शकाचे आहे. ते जेथे होत नाही, तेथे आरंभशूर नेमके कोण?