आयएसआर छोटा, मग बाइट गेला कुठे?

सिरियल पोर्टवर बाइट गळायला लागले की पहिला संशय आयएसआरवर येतो. मग चार पुश वाचवा, सी काढून असेंब्ली घाला, अशी काटकसर सुरू होते. बहुतेक वेळा ती वाया जाते. बाइट आयएसआरमध्ये गळलेला नसतोच, आयएसआर सुरू व्हायच्या आधीच तो गेलेला असतो. दुसऱ्याच कुठल्यातरी रूटीनने इंटरप्ट बंद करून ठेवलेले असतात.

हे नीट बघायचं तर १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १०० उघडावा. क्योसेराने बनवलेला, रेडिओ शॅकने विकलेला, चार पेन्सिल सेलवर चालणारा, आठ ओळींच्या पडद्याचा हा संगणक बातमीदार बरोबर घेऊन फिरत आणि फोनच्या तारेवरून मजकूर पाठवत. आत ८०सी८५, म्हणजे गावकरांचं पुस्तक शेजारी ठेवून आपल्यापैकी अनेकांनी लॅबमधल्या किटवर हेक्स कोड ठोकला, तेच घराणं.

घड्याळ २.४५७६ मेगाहर्ट्झचं. आकडा विचित्र वाटतो, पण १९,२०० ने भागा, बरोबर १२८ येतात. बॉडचा ठोका याच घड्याळातून काढलेला आहे. १९,२०० बॉडला दहा बिटांचा एक बाइट म्हणजे १,२८० टी-स्टेट. यूआर्टमध्ये फिफो नाही, आलेला बाइट ठेवायला एकच रजिस्टर. तेवढ्या वेळात तो उचलला नाही तर पुढचा त्याच्यावर येऊन बसतो. आतल्या ३०० बॉडच्या मोडेमवर ८१,९२० टी-स्टेट मिळतात, तिथे प्रोग्रामरने डुलकी काढली तरी चालतं.

यूआर्ट आरएसटी ६.५ वर, तर दर चार मिलिसेकंदांनी येऊन कीबोर्ड तपासणारा टायमर ७.५ वर. ८०८५ च्या क्रमवारीत ७.५ वरचढ. थोडक्यात, हार्डवेअरने कीबोर्डला पाटावर बसवलं आणि ज्याला थांबता येत नाही त्या बाइटला दारात उभं केलं! रॉम लिहिणाऱ्यांनी हे उलटवलं. पडद्यावर लिहिण्याआधी ते एसआयएमला ०००१११०१ देतात. खालच्या पाच बिटांत शून्य एकच आहे, ६.५ च्या मास्कचं. पडद्याचं काम चालू असताना टायमर ताटकळतो, बाइट नाही. टायमरचं रूटीनही सुरुवातीलाच ६.५ मोकळा ठेवून ईआय करतं. मग बाइट मुकाट ६४ बाइटांच्या बफरात जाऊन पडतो. आयएसआर किती चपळ आहे, हा प्रश्न इथे दुय्यम ठरतो.

(स्वतःचा हँडलर लिहिणाऱ्यांसाठी: ६.५ पातळीवर चालतो, ७.५ सारखा कडेवर नाही. यूआर्ट न वाचता नुसता फ्लॅग लावून परतलात तर रेषा वरच राहते, आणि मुख्य प्रोग्रामच्या वाट्याला एक सूचनाही येत नाही.)

आज फिफो आहे, डीएमए आहे, आणि तरीही फील्डवरून त्याच तक्रारी येतात. कोड तपासताना आयएसआरच्या ओळी मोजणं जरा बाजूला ठेवा. इंटरप्ट बंद होतात तिथे एक पिन वर करा, चालू होतात तिथे खाली. चिप बनवणाऱ्याच्या लायब्ररीतले क्रिटिकल सेक्शन आणि फ्लॅशवर लिहिणारं रूटीन यातून सुटू देऊ नका, तिथेच मोठे मुक्काम सापडतात. स्कोप सर्वांत रुंद पल्स पकडायला लावून रात्रभर ठेवा. सकाळी ती पल्स एका बाइटच्या वेळेहून रुंद दिसली तर फिफोची खोली वाढवण्याआधी ती कोणत्या फंक्शनची आहे ते शोधा.