हरवणारा शेजारी हवा

ऑलिंपिक संपलं की पुण्याच्या एका जुन्या मित्राचा निरोप ठरलेला. पूर्वी मेल यायची, आता व्हॉट्सॲप येतं, मजकूर मात्र तोच. "हे ऑलिंपिक म्हणजे गोऱ्यांचा खेळ आहे रे. आपण आपलं वेगळं ऑलिंपिक का काढत नाही? मल्लखांब, खोखो, कुस्ती, कबड्डी! जगभरातल्या भारतीय वंशाच्या लोकांना बोलवायचं आणि दाखवून द्यायचं एकदा." 2024 मध्ये पॅरिसमध्ये भारताला एक रौप्य आणि पाच कांस्य मिळाली, तेव्हा ह्या निरोपाला आणखी धार आली होती. मी राहतो त्या आयर्लंडला, जेमतेम पन्नास लाखांच्या वस्तीच्या देशाला, त्याच स्पर्धेत चार सुवर्णं आणि तीन कांस्य मिळाली. तो लिहितो, "बघ, तुझे आयरिश बघ! त्यांना अभिमान आहे स्वतःचा."

मंडळी, अभिमान आहे हे खरंच. पण मित्राला जे सुचतंय ते ह्याच आयरिश लोकांनी शंभर वर्षांपूर्वी करून पाहिलंय. अगदी जसंच्या तसं. त्याचं काय झालं ते एकदा सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या ऑलिंपिकनंतर मला नुसती लिंक पाठवता येईल.

डब्लिनच्या वायव्येला, मीथ परगण्यात, टेल्टाऊन नावाची जागा आहे. गवताचे उंचवटे, मेंढ्या आणि जवळून वाहणारी ब्लॅकवॉटर नदी, एवढंच दिसतं तिथे. दंतकथा अशी की लूह नावाच्या देवाने आपल्या पालक मातेच्या, टाल्च्यूच्या, स्मरणार्थ इथे खेळ सुरू केले. धावणं, उड्या, रथांच्या शर्यती, गाणी-बजावणी, लग्नंसुद्धा. नॉर्मन लोक आले त्या सुमारास, बाराव्या शतकात, ती जत्रा बंद पडली. हे टाल्चन खेळ (स्पेलिंगवरून कुणी टेलटीन म्हणतं, म्हणू द्या) ग्रीकांच्या ऑलिंपिकपेक्षाही जुने, असं इथे अभिमानाने सांगितलं जायचं. ओळखीचं वाटतंय ना?

1922 मध्ये आयर्लंडला ब्रिटिशांपासून (बहुतेक) स्वातंत्र्य मिळालं आणि टपाल खात्याचे मंत्री जे. जे. वॉल्श ह्यांनी हे खेळ पुन्हा भरवायचं मनावर घेतलं. त्याच वर्षी भरायचे होते, पण नव्या देशात यादवी युद्ध पेटलं आणि ते लांबणीवर पडले. शेवटी ऑगस्ट 1924 मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर उद्घाटन झालं. अट एकच, खेळाडू आयरिश जन्माचा किंवा आयरिश वंशाचा हवा. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सगळीकडून आयरिश रक्ताचे संघ आले.

आता, ह्यामागचं दुखणं खोटं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. वॉटरफर्डच्या पीटर ओ'कॉनरने 1901 मध्ये डब्लिनला 7.61 मीटर लांब उडी मारली. तो विक्रम वीस वर्षं टिकला. पण 1906 मध्ये अथेन्सला तो जिंकला रौप्य, आणि ध्वज चढला ब्रिटनचा. हा गडी सरळ ध्वजाच्या खांबावर चढला आणि आयर्लंडचा हिरवा झेंडा फडकवून आला. लिमरिकच्या जॉन फ्लॅनॅगनने हातोडाफेकीत तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली, तिन्ही अमेरिकेच्या नावावर, कारण तो न्यूयॉर्कला पोलिसात होता. आपली माणसं जिंकतात आणि गुण दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात, ह्याची चीड येणारच. आपल्या मित्राची चीडसुद्धा त्याच जातीची आहे. मला तिच्याबद्दल आदर आहे. तिच्यावरचं औषध मात्र चुकीचं आहे.

कसं ते बघा. खेळ पॅरिस ऑलिंपिक संपल्यावर लगेच ठेवले होते. हेतू असा की मोठे खेळाडू परतीच्या वाटेवर डब्लिनला उतरावेत. आणि उतरलेही. जॉनी वाइसम्युलर, तोच पुढे पडद्यावर टारझन झालेला, फिनिक्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाच्या तळ्यात पोहून गेला! पाहुण्यांमध्ये जी. के. चेस्टरटन होते, आणि आपले रणजितसिंहजीसुद्धा होते. (त्यांना आयर्लंड इतकं आवडलं की पुढे त्यांनी कोनेमारा भागात बॅलिनाहिंचचा किल्लेवजा वाडाच विकत घेतला.) मेजवान्या झडल्या, काव्याला आणि चित्रांना बक्षिसं दिली गेली.

ह्या सगळ्यावर कडी म्हणजे, त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडला दोन पदकं मिळाली. त्या काळी ऑलिंपिकमध्ये कलांच्याही स्पर्धा असत. जॅक येट्स ह्यांना चित्राबद्दल रौप्य, आणि ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी ह्यांना कवितेबद्दल कांस्य. कविता कशावर? टाल्चन खेळांवर! म्हणजे खेळ व्हायच्या आधीच खेळांवरच्या स्तोत्राला पदक मिळून गेलं होतं. माझा सगळा मुद्दा ह्या एका गोष्टीत आहे. जी स्पर्धा सुरू होण्याआधीच तिचं स्तोत्र लिहून तयार असतं, तिच्यात खेळाडूने आणखी काय सिद्ध करायचं उरतं?

पुढचं लवकर सांगून होतं. 1928 मध्ये ॲमस्टरडॅम ऑलिंपिकच्या मागोमाग दुसरे टाल्चन खेळ झाले. 1932 मध्ये तिसरे झाले. पण त्या वर्षीचं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला होतं, त्यामुळे वाटेवर थांबायला कुणी येणारच नव्हतं. त्याआधीच वॉल्श राजकारणातून बाजूला झाले होते आणि सरकारही बदललं होतं. ज्यांनी हे खेळ सुरू केले त्यांचे यादवीतले विरोधक आता सत्तेवर होते, त्यांना ह्या पोराचं काय कौतुक असणार! चौथे खेळ झालेच नाहीत. तीन वेळा भरून कारभार आटोपला.

लोक म्हणतात पैसा कमी पडला, राजकारण आडवं आलं. हे सगळं आलंच. पण ह्याच बेटांवर दुसरी एक स्पर्धा होती. तिला ना देवाची दंतकथा होती ना स्तोत्र.

1903 च्या मार्च महिन्यात स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टनच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर चार संघ क्रॉस कंट्री धावायला जमले. स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि इंग्लंड. तीन केल्टिक शेजारी आणि चौथा थोरला दादा. इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब पहिला आला आणि इंग्लंडचा संघही पहिला आला. दुसऱ्या वर्षी इंग्लंड. तिसऱ्या वर्षी इंग्लंड. मधली महायुद्धाची वर्षं सोडली तर 1921 पर्यंत दरवर्षी इंग्लंड!

विचार करा, आपण असतो तर काय केलं असतं? "हे इंग्रजांनी इंग्रजांसाठी काढलेलं आहे" म्हणून तिसऱ्या वर्षी उठून आलो असतो. केल्टिक लोकांची वेगळी शर्यत काढली असती आणि तीत आनंदाने जिंकलो असतो. ते तिघे मात्र चिखल तुडवत दरवर्षी येत राहिले. 1907 मध्ये फ्रान्स आला आणि 1922 मध्ये त्याने इंग्लंडला हरवलं. आणखी देश येत गेले. 1973 मध्ये जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने ती स्पर्धा आपल्या हातात घेतली आणि तिचंच नाव झालं जागतिक क्रॉस कंट्री अजिंक्यपद.

आणि मग 1979. स्पर्धा आयर्लंडमध्येच, लिमरिकच्या रेसकोर्सवर, घोटाभर चिखलात. वॉटरफर्ड परगण्यातला जॉन ट्रेसी नावाचा किडकिडीत तरुण आदल्या वर्षी ग्लासगोला जिंकलेला होता. तो घरच्या लोकांसमोर पुन्हा जिंकला. संघात इंग्लंड पहिलं आणि आयर्लंड दुसरं. इथली म्हातारी माणसं अजून त्या चिखलाबद्दल बोलतात. टाल्चन खेळांबद्दल बोलणारा मला अजून एकही भेटलेला नाही. ते मी पुस्तकांत वाचले.

फरक एवढाच आहे. टाल्चन खेळांत पाहुणे टाळ्या वाजवायला बोलावले होते. हॅमिल्टनला शेजारी हरवायला आला होता. मेजवानी संपली की पाहुणे आपल्या घरी जातात, पण हरवणारा शेजारी पुढच्या वर्षी परत येतो, आणि त्याला एकदा तरी मागे टाकायचं म्हणून आपणही जातो. स्पर्धा त्यानेच टिकते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अशा मानापमानाचं बिल शेवटी कुणाच्या नावावर फाटतं ते तिच्यात दिसतं. डॉ. पॅट ओ'कॅलॅहन हा कॉर्क परगण्यातला डॉक्टर. 1928 मध्ये त्याने हातोडाफेकीत स्वतंत्र आयर्लंडचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं, 1932 मध्ये दुसरं. 1936 ला तो बर्लिनला तिसरं मिळवणार असं सगळे धरून चालले होते. पण आयर्लंडच्या ॲथलेटिक्स संघटनेचं म्हणणं होतं की आम्ही उत्तर आयर्लंडसह सगळ्या बेटाचे प्रतिनिधी. आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणाला, राजकीय सीमेपुरतेच राहा. संघटनेने नकार दिला आणि तिला बाहेर काढण्यात आलं. 1936 मध्ये आयर्लंडने बर्लिनला संघच पाठवला नाही. (आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं मात्र त्या वर्षी बर्लिनला जाऊन कबड्डीची प्रात्यक्षिकं करून आली होती.) पुढच्याच वर्षी फरमॉय गावी ओ'कॅलॅहनने 59.56 मीटर फेक केली. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जवळजवळ दोन मीटर जास्त! विक्रम म्हणून ती मान्य झाली नाही, कारण त्याची संघटना महासंघाबाहेर होती.

तत्त्व बरोबर होतं की चूक, ह्यावर इथे अजून वाद घालता येतो. माझी सहानुभूती थोडी संघटनेकडेच आहे. पण तत्त्व समितीच्या खोलीत बसून पाळलं गेलं आणि त्याची किंमत हातोडा फेकणाऱ्याने मोजली. गंमत बघा, 2024 मध्ये आयर्लंडला मिळालेल्या चार सुवर्णांतली दोन, जलतरणपटू डॅनियल विफन आणि जिम्नॅस्ट ऱ्हिस मॅक्लेनॅहन, ही उत्तर आयर्लंडात वाढलेल्या मुलांची आहेत. कुणाकडून खेळायचं ते आता खेळाडू ठरवतो. समित्यांनी हे आधी कबूल केलं असतं तर!

आता आपल्याकडे येऊ. मित्रा, तुला वंशाचं ऑलिंपिक हवंय. पण आपल्या शेजारचं काय? 2019 मध्ये नेपाळात दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताने 174 सुवर्णं जिंकली, एकूण 312 पदकं. तुला त्यातलं एक तरी नाव आठवतं का? मलाही नाही आठवत. जिथे आपण सहज जिंकतो ती स्पर्धा आपल्या खिजगणतीत नसते, आणि जिथे हरतो ती गोऱ्यांची असते! मग खेळायचं कुठे? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मलाही आनंद झाला. पण माझ्या मते खोखोचा खरा दिवस तो नव्हे. ज्या दिवशी नेपाळ किंवा आणखी कुणी आपल्याला अंतिम सामन्यात हरवेल आणि पुण्यात लोक हळहळतील, त्या दिवशी खोखो जगाचा खेळ झाला असं मी समजेन. तोवर ती मेजवानी आहे.

हे पटत नसेल तर बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेकडे बघ. तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे केनियाची मक्तेदारी. 1998 ते 2018, दर राष्ट्रकुल स्पर्धेत तिन्ही पदकं त्यांचीच. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला साबळे 8 मिनिटं 11.20 सेकंदांत आला आणि रौप्य घेऊन गेला. सुवर्ण हुकलं 0.05 सेकंदाने. भारतीय वंशाच्या स्टीपलचेसमध्ये त्याला दरवर्षी सुवर्ण मिळालं असतं. तो केनियाच्या मुलांच्या मागे धावला, म्हणून तो साबळे झाला.

जाता जाता एक सांगतो. टाल्चन हे नाव आयर्लंडमध्ये अजून जिवंत आहे. इथल्या शाळांमधली मुलं आपापल्या प्रांताकडून एक ॲथलेटिक्सची स्पर्धा खेळतात, तिला टाल्चन म्हणतात. अल्स्टर प्रांताच्या संघात सीमेच्या दोन्ही बाजूंची मुलं असतात. तिथे चेस्टरटन नसतात आणि स्तोत्रंही नसतात. आईबाप डबे घेऊन कठड्याशी उभे असतात. जी मुलं तिथे चांगली धावतात त्यांची पुढे शालेय संघात निवड होते, आणि मग त्यांची गाठ पडते स्कॉटलंड, वेल्स आणि इंग्लंडच्या मुलांशी.

म्हणजे पुन्हा तेच शेजारी. पुन्हा हरायची तयारी. मित्रा, वेगळं ऑलिंपिक काढू नकोस. जमलं तर आपल्या तालुक्याच्या मैदानावर शेजारच्या तालुक्याची मुलं दरवर्षी येतील एवढं बघ. आणि ती जिंकून गेली, तर पुढच्या वर्षी त्यांना आठवणीने पुन्हा बोलव.