वाचवणाऱ्यांचा हिशेब

मारिया बेटावर दुकान नाही, हॉटेल नाही आणि पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. टास्मानियाची राजधानी होबार्ट. तिथून सव्वा-दीड तासावर ट्रायाबना नावाचं छोटं बंदर आहे, तिथून लाँच सुटते. पाणी, डबा, टोपी, रेनकोट, जे लागेल ते पाठीवर घेऊन जायचं आणि संत्र्याच्या सालीसकट सगळा कचरा परत आणायचा. सुमारे 115 चौरस किलोमीटरचं हे बेट 1972 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. नोव्हेंबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, आम्ही काही जणांनी एका स्थानिक गाइडबाईंबरोबर त्याचा उत्तर किनारा पायी पाहिला. प्राणी पाहायला गेलो होतो आणि ते भरपूर दिसले. त्यांच्यासोबत एक प्रश्नही समोर आला: माणूस एखाद्या जिवाला वाचवतो, तेव्हा त्याची किंमत कोण भरतं?

डार्लिंग्टनच्या धक्क्यावर उतरून थोडं चाललं की गवतात वॉम्बॅट चरताना दिसतो. आखूड पाय, रुंद पाठ, दाट केस आणि मान खाली घालून अखंड खाणं. मादीच्या पोटपिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं. बीळ खणताना उडणारी माती त्यामुळे पिल्लावर पडत नाही. वॉम्बॅटच्या लेंड्या चौकोनी ठोकळ्यांसारख्या असतात, हे वाचलेलं प्रत्यक्ष पायवाटेवर पाहिलं. प्राणी माणसाला बुजत नाहीत, म्हणूनच इथे नियम कडक आहेत. सेल्फीसाठी वॉम्बॅटचा पाठलाग करणार नाही, त्याच्या अंगचटीला जाणार नाही, असं वचन पाहुण्यांकडून मागितलं जातं. आमच्या बाईंनी त्यात एक सोपं माप जोडलं. ‘‘तुमच्यामुळे त्यानं खाणं थांबवलं, की समजायचं आपण फार जवळ आलोय. लगेच मागे सरायचं.’’ दिवसभर आम्ही तेच माप पाळलं.

वॉम्बॅट, पलीकडच्या माळावरचे फॉरेस्टर कांगारू, फिकट राखाडी रंगाचे केप बॅरन हंस हे सगळे इथे पिढ्यान्‌पिढ्या असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांना इथे मुद्दाम आणून सोडलं गेलं. इतरत्र शिकारीनं आणि शेतीनं त्यांची जागा आक्रसत होती. चहूबाजूंनी समुद्र असलेलं बेट सुरक्षित वाटलं.

समुद्राचा हाच उपयोग आधी वेगळ्या कामासाठी झाला होता. पुथिकविलायती हे मूळनिवासी लोक हजारो वर्षं झाडाच्या सालींच्या होड्यांतून इथे ये-जा करत. 1825 मध्ये ब्रिटिशांनी इथे कैद्यांची वसाहत उभारली. ती 1832 मध्ये बंद झाली, 1842 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि 1850 पर्यंत चालली. तुरुंगाची विटांची इमारत अजून उभी आहे. मुक्कामाला राहणारे आज तिच्याच खोल्यांत झोपतात. डार्लिंग्टन 2010 पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथल्या कैद्यांमध्ये होहेपा ते उमुरोआ हा न्यूझीलंडचा माओरी होता. ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्यात पकडून त्याला आणि त्याच्या सोबत्यांना 1846 मध्ये समुद्रापार पाठवलं गेलं. पुढच्याच वर्षी तो क्षयानं इथे वारला. त्याच्या माणसांनी त्याला विसरू दिलं नाही: 1988 मध्ये त्याचे अवशेष मायदेशी नेण्यात आले. काळ्या पाण्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे ऐकताना अंदमान आठवल्याशिवाय राहत नाही. साम्राज्याला बेटं लागत होती ती नकोशी माणसं दूर ठेवायला. शंभरेक वर्षांनी त्याच बेटावर हवेसे प्राणी आणले गेले. दोन्ही वेळा निर्णय माणसाचा होता आणि भिंतीचं काम समुद्रानं केलं.

किनाऱ्याची वाट ओहोटीच्या वेळेवर ठरते. ‘पेंटेड क्लिफ्स’ हा वालुकाश्माचा कडा नीट पाहायचा तर पाणी उतरलेलं हवं, नाहीतर पायाखालचा खडकच सापडत नाही. कोणे एके काळी खडकातून झिरपलेल्या पाण्यानं लोहाचे थर मागे ठेवले. पिवळ्या, केशरी, तांबड्या रेघा एकमेकींत वळत गेल्या. पुढे खाऱ्या तुषारांनी आणि वाऱ्यानं दगड कोरून त्याला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडली. बाईंनी आम्हाला कड्याला हात लावू दिला नाही. दगड ठिसूळ आहे आणि रोज येणाऱ्या हातांचाही घासा लागतो.

दुसऱ्या टोकाला ‘फॉसिल क्लिफ्स’. इथला चुनखडक म्हणजे शिंपल्यांचा नुसता खच आहे, सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात युरिडेस्मा नावाचा जाड कवचाचा, थंड समुद्रातला शिंपला मुबलक आहे. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, कारण हाच शिंपला छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला हसदेव नदीच्या काठीही दगडात सापडतो. तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते. घरापासून इतक्या दूर येऊन आपल्याच जमिनीचा जुना शेजार असा समोर दिसला, याचा मला फार आनंद झाला.

याच वाटेवर पांढऱ्या बुंध्याच्या निलगिरीखाली बाईंनी बोट ओठांवर ठेवून वर दाखवलं. ठिपकेदार पंखांचा, चिमणीहून लहान, हिरवट पक्षी: फॉर्टी-स्पॉटेड पार्डलोट. या एकाच जातीच्या निलगिरीवर त्याचं आयुष्य अवलंबून आहे. तो पानांना चोचीनं छेद देतो आणि त्यातून पाझरून घट्ट झालेला गोड चीक खातो, पिल्लांना भरवतो. संकटात आलेल्या या पक्ष्याची मोठी वस्ती आता मुख्यतः ब्रूनी आणि मारिया या दोन बेटांवर उरली आहे. त्याला इथे कुणी आणलेलं नाही. तो इथलाच.

आणि मग वाटेत बाई वाकल्या. केसांनी आणि हाडांच्या तुकड्यांनी भरलेली विष्ठा होती, टास्मानियन डेव्हिलची. डेव्हिल निशाचर, त्यामुळे आम्हाला तो दिसला नाही. 1996 मध्ये टास्मानियात या प्राण्यांच्या तोंडावर गाठी दिसू लागल्या. हा कर्करोग संसर्गजन्य आहे. भांडताना, मिलनाच्या वेळी एकमेकांना चावल्यानं पसरतो. काही भागांत संख्या पार कोसळली. टास्मानियानं आपला पट्टेरी वाघ, थायलासिन, 1936 मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा श्वास घेताना पाहिलेला आहे. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, या तळमळीनं 2012 आणि 2013 मध्ये 28 निरोगी डेव्हिल मारियावर सोडण्यात आले. ते वाढले, पुढे काहींना मुख्य टास्मानियात परत सोडता आलं.

त्याची दुसरी बाजू बाईंनी आम्हाला किनाऱ्याकडे तोंड करून सांगितली. इथे बिळांत घरटी करणारे छोटे पेंग्विन होते. डेव्हिल येण्याच्या सुमारास त्यांच्या सुमारे 3000 जोड्या मोजल्या गेल्या होत्या. 2021 मध्ये बर्डलाइफ टास्मानिया या संस्थेनं जाहीर केलं, की एकही जोडी उरलेली नाही. शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीही उद्ध्वस्त झाल्या. पक्ष्यांवर परिणाम होईल, असा इशारा डेव्हिल सोडण्याआधीच्या सरकारी अहवालातच होता.

‘‘मग चूक झाली का?’’ आमच्यातल्या एकानं विचारलं. बाई म्हणाल्या, ‘‘डेव्हिल संपला असता तर जगातून गेला असता. छोटे पेंग्विन दुसरीकडे आहेत. पण इथल्या पेंग्विनांना आपण काही विचारलं नव्हतं. म्हणून मी इथे आणलेल्या प्रत्येकाला दोन्ही गोष्टी सांगते.’’

मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. डेव्हिल आणणाऱ्यांचा हेतू चांगला होता, संकट खरं होतं, निर्णय घाईचा असला तरी निष्काळजी नव्हता. तरीही बेट रिकामं नव्हतं. आपण जिथे एखाद्या जिवाला नेऊन ठेवतो, तिथे आधीपासून कुणीतरी राहत असतं. दयेनं घेतलेल्या निर्णयाचाही हिशेब मांडावा लागतो, आणि जे गेलं त्याची नोंद जे वाचलं त्याच्या शेजारीच व्हायला हवी. नफ्याचाच रकाना वाचून दाखवणारं संवर्धन पुढच्या बेटावर तेच करील.

सर्वसामान्य पाहुण्याच्या वाट्याला असे मोठे निर्णय येत नाहीत. त्याच्या वाट्याला अंतर येतं. तेवढं तरी आपण चोख पाळतो का? तारकर्लीला, दापोलीला डॉल्फिन पाहायला होडीत बसलं, की नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणणारे आपणच असतो. नावाड्याला पुढची गिऱ्हाइकं हवी असतात. तो इंजिनाचा वेग वाढवतो, आणि चार होड्या एका कळपामागे धावतात. मारियावरच्या बाई ‘मागे सरा’ म्हणू शकल्या, कारण तसं म्हटल्यानं त्यांची कमाई बुडणार नव्हती. आपल्या किनाऱ्यावरच्या नावाड्यांना आणि गाइडना हा आधार पाहुण्यांनीच द्यायला हवा. डॉल्फिन लांबूनच दिसले, किंवा दिसलेच नाहीत, तरी ठरलेले पैसे हसतमुखानं द्यावेत, आणि ज्यानं होडी थांबवली त्याचं नाव दहा जणांना सांगावं. चांगल्या गाइडची ओळख त्यानं किती प्राणी दाखवले यावरून नको, त्यानं आपल्याला कुठे अडवलं यावरून व्हायला हवी.